तिच्या नावाचा पतंग

संग्रहालयात त्याला मागून सगळे नाकतोडा म्हणत. उंच, काटकुळा, चालताना गुडघे पुढे टाकणारा माणूस, त्यात उभी हयात कीटक विभागात गेलेली. नाव अगदी फिट्ट बसलं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याची तक्रार एवढीच, की नाकतोड्यांवर त्याने जन्मात कधी काम केलेलं नव्हतं. म्हणायचंच असेल तर निदान बरोबर गटातलं काहीतरी म्हणा, असं तो घरी कुरकुरायचा. बायको म्हणायची, "पतंग म्हणवून घ्यायला माणूस जरा देखणा असावा लागतो."

त्याचं काम इवल्याशा पतंगांवर होतं. मोठ्या, ऐसपैस पंखांच्या पतंगांचे चाहते पुष्कळ असतात; त्यांची चित्रं कॅलेंडरवरसुद्धा छापतात. पण तांदळाच्या दाण्याएवढे, करडे, तपकिरी, ज्यांना माणसं चिलट समजून टाळी मारून मोकळी होतात, त्यांच्या वाटेला कोण जातो? हा गेला. या बारक्यांतल्या कितीकांना अजून नावही नाही, असं तरुणपणी कुणीतरी त्याला सांगितलं आणि ते जे डोक्यात बसलं ते बसलंच. मात्र आयुष्यभर नमुन्यांच्या पेट्यांत डोकं खुपसूनही त्याच्या हाती एकही नवी जात लागली नव्हती. ज्याला हा नवा समजायचा, त्याला फार पूर्वीच कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं निघायचं. त्या दिवशी तो घरी येऊन न बोलता जेवायचा. आज पुन्हा कुणीतरी मेलेला माणूस आडवा आलाय, हे बायको ताटाकडे बघूनच ओळखायची.

या पतंगांची खोड अशी, की ते पंखांवरून धड ओळखता येत नाहीत. सख्खे भाऊ वाटावेत असे दोघे निराळ्या जातींचे निघतात. खरी ओळख पोटाच्या टोकाशी, जननेंद्रियांत असते. म्हणून वाळलेलं पोट मोडून घ्यायचं, पोटॅशच्या पाण्यात गरम करायचं, मऊ भाग विरघळला की आतले कडक अवयव बारीक ब्रशने साफ करून काचपट्टीवर लावायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्यांची घडण प्रत्येक जातीत वेगळी असते. नवऱ्याचं कामकाज नेमकं काय असतं हे लग्नानंतर पहिल्यांदा कळलं, तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं होतं. मग म्हणाली, "अहो, मेल्यावर तरी त्यांची अब्रू राखा."

पण पुढे तीच या कामात ओढली गेली. ती घरी शिवणकाम शिकवायची. जेवणाचं टेबल आणि शिवणयंत्र एकमेकांना खेटून होतं, आणि त्या टेबलावर हा मेलेले पतंग टाचणीवर बसवायला घ्यायचा. पंख फाटायचे, मिशा तुटायच्या, आणि राग सगळ्या घरावर निघायचा. एकदा वैतागून तिने त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला. केसाएवढी टाचणी तिने पतंगाच्या छातीतून नेमकी मधोमध घातली, सुईच्या टोकाने चारही पंख पसरले, त्यांवर कागदाच्या पट्ट्या दाबल्या, आणि उठून कुणाच्यातरी झंपराला काजं करायला लागली. तेव्हापासून घरात वाटणी ठरली. पकडायचं दोघांनी, बसवायचं तिने, ओळखायचं त्याने. माझ्या बायकोच्या हातचा पतंग कधी तुटत नाही, असं तो संग्रहालयभर सांगत सुटायचा. ती समोर असली की खाली मान घालून दोरा ओवायची.

त्यांच्या इमारतीमागे एक दलदलीचा रिकामा तुकडा होता, उंच गवत आणि लव्हाळ्यांनी भरलेला. न्हाणीघराची छोटी खिडकी नेमकी त्याच्यावर उघडायची. दिवेलागणीला तिथला दिवा लावून ठेवला की काचेवर बारीकसारीक जीव येऊन बसायचे, आणि नवराबायको हातात काचेच्या नळ्या घेऊन बादलीशेजारी उभे राहायचे. मुलगी लहान असताना मैत्रिणींना घरी बोलवायला लाजायची ती याच कारणाने. पाहुण्यांना न्हाणीघर वापरायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागायची. मग त्या तुकड्यावर मजल्यांवर मजले चढवून गाड्या लावायची इमारत झाली. पांढऱ्या दिव्यांनी तिथे रात्रीचा दिवस व्हायला लागला. खिडकीवर येणारे जीव कमी कमी होत थांबले.

ती आजारी पडली तेव्हा मुलगी लग्न होऊन दूर गेली होती आणि याची निवृत्ती तोंडावर आली होती. पायांना सूज, दोन पावलं टाकली की धाप. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. ती म्हणाली, "ते आधीपासूनच होतं, यांना कुणी सांगितलं नव्हतं एवढंच." डॉक्टर हसले. मग तिला बाहेर बसवून त्यांनी त्याला सांगितलं, की औषधांनी थोडं लांबवता येईल, पण फार नाही. त्या खोलीतून बाहेर येताना त्याने चेहऱ्यावर उसनं हसू आणलं, आणि तिने ते बघितल्याबरोबर विचारलं, "किती वाईट आहे?"

दिवसभर तिच्यापाशी थांबायला एक बाई ठेवल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. हा कामावर जायचा, पण जीव सगळा घरात अडकलेला असायचा. निवृत्तीपूर्वी घरच्या पेट्या संग्रहालयात जमा करायच्या म्हणून तो रोज एकेक पेटी नेऊन तिच्यातले पतंग सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा. कामात लक्ष लागत नव्हतं, निदान हात तरी चालू राहावेत म्हणून. अशाच एका जुन्या पेटीत, दलदल शाबूत होती त्या दिवसांतल्या पतंगांच्या ओळीत, त्याला तो दिसला. नव्या तांब्याच्या भांड्यासारखा रंग, पुढच्या पंखावर एक तिरपी पांढरी रेघ, टोकाशी काळा ठिपका. असा पतंग त्याने आजवर बघितला नव्हता. इतकी वर्षं तो आपल्याच घरात पडून होता, आणि कामाच्या रगाड्यात त्या पेटीला हातही लागला नव्हता.

त्याने पोट काढलं, पोटॅशमध्ये घातलं, काचपट्टी केली. बघतो तर आतली घडण त्या तांबूस पतंगांच्या गोतावळ्यात कुणाशीच जुळेना. त्याने संग्रहालयातले सगळे तांबूस पतंग काढून ताडून पाहिले, दुसऱ्या संग्रहांतली चित्रं मागवली. कुठेच काही नाही. नुसती नवी जातच नव्हे, कदाचित त्याहून मोठं काहीतरी. खात्री पटली त्या संध्याकाळी तो घरी आला तो जिने चढत आला नाही, धावत आला. तिच्या पलंगाशी बसला आणि एका दमात सांगून टाकलं, की नवा पतंग सापडलाय, आपल्या न्हाणीघरातला, तिने बसवलेला, आणि त्याला तिचं नाव द्यायचं. नावाला मागे लॅटिन शेपूट लागेल, पण नाव तिचंच. आणि ते जगाच्या अंतापर्यंत राहील.

"मेल्या किड्याला माझं नाव?" ती म्हणाली. पण तिचे डोळे चमकले होते, आणि ते त्याने बघितलं.

त्यानंतर त्या घरात दुसरा विषय उरला नाही. तिने मुलीला फोनवर सांगितलं, शेजारणीला सांगितलं, मावशींना तर रोज सांगितलं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही सांगितलं, आणि पतंग केवढा असतो हे करंगळीच्या नखावर दाखवलं. गोळ्या घ्यायला कंटाळणारी बाई आता वेळेवर गोळ्या मागायला लागली. लेख छापून आला की नाव पक्कं होतं, ते छापून आलेलं बघायचंय म्हणायची. त्यालाही वाटायला लागलं, की हिचा जीव या एका कागदावर टांगलेला आहे. तिला फुलं, फळं, देवाधर्माचं काही लागत नव्हतं. तिला पतंग छापून आलेला हवा होता, आणि ते करून देणं त्याच्या हातात होतं. आयुष्यात दुसरं काही तिला देता येईल असं त्याला वाटत नव्हतं.

विभागप्रमुख बाई त्याच्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान होत्या. नियमाप्रमाणे शोधपत्रिकेकडे लेख पाठवण्याआधी त्यांना दाखवावा लागायचा. त्यांनी पतंग बघितला, काचपट्टी बघितली, पुन्हा पतंग बघितला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, की हे पोट याचंच आहे ना? वाळलेल्या पतंगाचं पोट जरा धक्का लागला तरी गळून पडतं. सगळीकडच्या संग्रहांत ते डिंकाच्या टिपक्याने परत लावायची रीत आहे, आणि कधीकधी एकाचं दुसऱ्याला लागतं. या धंद्यातली ही जुनी फसगत, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. नाकतोड्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा माझ्या घरी बसवलेला नमुना आहे, तो म्हणाला, आणि माझ्या घरचा पतंग तुटत नाही. बाईंनी तरी सुचवून पाहिलं, की दुसरा नमुना मिळेपर्यंत थांबावं. दुसरा कुठून मिळणार होता? दलदलीवर गाड्या उभ्या होत्या. आणि थांबायला वेळ कुणाकडे होता? बाईंना घरची परिस्थिती ठाऊक होती. त्यांनी सही केली.

लेख मान्य झाला. छपाईआधी तपासायची प्रत आली ती पतंगाच्या रंगीत चित्रासकट. त्या दिवशी तिला बरं वाटत होतं. पाठीला उशा लावून ती बसली होती, केस विंचरलेले, चष्मा लावलेला. ऐकायचंय सगळं, अक्षर न् अक्षर, असं तिने बजावलं. त्याने वाचायला घेतलं. शास्त्राची भाषा रुक्ष, पण तो सोपं करून सांगत गेला. डोक्याचे खवले, मिशांची लांबी, पंखांचा रंग, ती पांढरी रेघ. रेघेपाशी ती म्हणाली, बरोबर आहे, तशीच होती, मला आठवतेय. मग तो पोटापाशी आला. या नमुन्याचं सगळं वेगळेपण इथे आहे, त्याने सांगितलं, हे पोटच सिद्ध करतं की ही जात नवी आहे.

ती हसली. शाळेतली जुनी खोडी आता सांगायला हरकत नाही असं वाटणारं माणूस हसतं, तसं.

"हे पोट पडलं होतं हो."

त्याने प्रतीतून मान वर केली.

"त्या दिवशी पट्ट्या काढताना माझं कोपर लागलं. दोघांची पोटं गळाली, याचं आणि शेजारच्या त्या करड्याचं. त्यात वर पंखा चालू. एक कुठे उडालं, मेलं सापडलंच नाही. राहिलं ते याला लावून बघितलं, तर बेतून शिवल्यासारखं बसलं. मग म्हटलं, याचंच असणार. आणि करडा काय, तुमच्याकडे ढीगभर होते. तुम्ही सगळीकडे माझी तारीफ करत फिरायचात, मग कुठे सांगू?"

त्याचं बोट त्या ओळीवरच राहिलं. तरी तो हसला. हसल्यासारखं केलं. "चांगलं बसवलंस," असं म्हणून त्याने पुढचं वाचायला सुरुवात केली. आवाज आपला वाटत नव्हता. शेवटी नाव आलं, तिचं नाव, शेपटासकट. ते तिने पुन्हा वाचायला लावलं. त्याने पुन्हा वाचलं.

सकाळी संग्रहालयाचं दार उघडायच्या आधी तो पायरीवर उभा होता. त्याच पेटीत, त्याच ओळीत, शेजारच्याच घरात, तो करडा पतंग होता. साधा, भिकारडा करडा, असले त्याने शेकडो ओळखून बाजूला टाकले होते. त्याला पोट नव्हतं. तांबूस पतंगाच्या छातीच्या मागच्या कडेला सूक्ष्मदर्शकाखाली डिंकाचा थेंब दिसला, सुकून पिवळा झालेला, इतका नीटस की तिच्या शिष्यिणींना दाखवावा. मग त्याने ढिगातल्या दुसऱ्या एका करड्याचं पोट काढून काचपट्टी केली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. जुळल्या. इथे खोच, तिथे काटा, सगळं जुळलं. ही घडण त्याने तरुणपणी इतक्या वेळा बघितली होती. पण तांबूस पतंगाच्या पोटात करड्याचं काही असेल असं मनातही न आल्याने, तो जगभरच्या तांबूस पतंगांशी ताडून बघत बसला आणि शेजारच्या घराकडे एकदाही वळला नाही. बाईंनी विचारलं तेव्हा पेटी उघडून बघायला किती वेळ लागला असता? पाच-दहा मिनिटं. तेवढीसुद्धा त्याच्या गर्वाने दिली नाहीत.

दिवसभर तो त्या दोन काचपट्ट्यांसमोर बसून राहिला. गप्प राहणं सोपं होतं. लेख छापून येऊ द्यायचा, तिने तो हातात घ्यायचा, पाहायचा आणि सुखाने डोळे मिटायचे. मग सावकाश चूक जाहीर करायची. कुणाचं काय बिघडलं असतं? हा विचार त्याने कितीदा तरी केला. पण या शास्त्राचा एक दुष्ट नियम आहे. एकदा छापलेलं नाव कधी पुसलं जात नाही. चुकीचं ठरलं तरी ते खऱ्या नावाच्या खाली, चूक म्हणून, कायमचं नोंदलेलं राहतं. म्हणजे तिचं नाव जगाच्या अंतापर्यंत राहणार ते त्या भिकारड्या करड्याच्या खाली, आणि पुढे येणारा प्रत्येक शहाणा वाचणार की या नावाचा पतंग म्हणजे एकाच्या धडाला दुसऱ्याचं पोट. तिच्या हातांची चूक तिच्याच नावाने. ते त्याला सहन होईना. आणि खरं सांगायचं, तर स्वतःची फजितीही सहन होईना. दोन्हीतलं जास्त काय होतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याने लेख मागे घेतला. बाईंना जाऊन सांगितलं. मी म्हणाले नव्हते का, असं त्या म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा मागवला, आणि तो निवून गेला तरी दोघं बसून राहिली. शेवटी त्या म्हणाल्या, की पंख मात्र कशाशीच जुळत नाहीत. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. तांबूस पतंग कदाचित खरोखर नवा होता. पण त्याचं खरं पोट त्या दिवशी पंख्याने उडालं आणि केरसुणीने घराबाहेर गेलं. त्याच्यावाचून तो कोण, हे कुणालाही कधी सिद्ध करता येणार नव्हतं.

घरी त्याने सांगितलं, की छपाईला उशीर होतोय. मोठी पत्रिका आहे, त्यांच्याकडे रीघ लागलेली असते. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी विचारलं, आली का? तिसऱ्या दिवशी विचारलं. तो रोज नवं कारण आणायचा, आणि कारणं आणताना त्याची जीभ इतकी अडखळायची की मावशीसुद्धा मान वळवायच्या. दिवेलागण झाली की तो न्हाणीघरात जाऊन दिवा लावायचा आणि हातात नळी घेऊन उभा राहायचा. एक मिळाला असता, एकच, पोटासकट, तर सगळं पुन्हा लिहिता आलं असतं. समोर गाड्यांच्या इमारतीचे पांढरे दिवे जळत असायचे. काचेवर काही येत नव्हतं. कधी एखादं चिलट यायचं, आणि तेवढ्यानेही तो नळी पुढे करायचा.

एका संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा ती जागी होती.

"काय शोधता रोज तिथे?"

"जोडीला दुसरा मिळाला तर बरं, म्हणून."

"ते पोट त्याचं नव्हतं," ती म्हणाली. "असंच ना?"

तो टॉवेलला हात पुसत राहिला. हात कोरडे होते. "त्याचंच होतं," तो म्हणाला.

त्याला खोटं बोलता येत नाही हे लग्नाच्या आठवड्यातच तिला कळलेलं होतं. "बरं," एवढंच म्हणून तिने कूस बदलली. त्या दिवसानंतर तिने छपाईचं विचारणं बंद केलं. मुलीशी फोनवर बोलतानाही पतंगाचं नाव निघेना. गोळ्या पुन्हा आठवण करून द्याव्या लागायला लागल्या. रोजच्या त्या प्रश्नाने त्याचा जीव नकोसा झाला होता, आणि आता तो प्रश्न ऐकायला तो आसुसला होता.

मावशींनी मात्र एक कुरबूर सुरू केली होती. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलं की मागे बाई पलंगावर राहत नाहीत, शिवणयंत्रापाशी जातात, म्हणे उगीच बसावंसं वाटतं. त्याला वाटलं, बसू दे. आयुष्य गेलंय त्या यंत्रावर, आता निदान हात फिरवू दे. त्याने त्यापुढे विचार केला नाही.

दुपारी संग्रहालयात फोन आला. मावशी रडत होत्या. गच्चीवरून आले तर बाई खाली, यंत्राच्या लोखंडी पायांमध्ये डोकं घालून पडलेल्या, हातात पेटलेली बॅटरी. कसंबसं उचलून पलंगावर ठेवलंय, डॉक्टर निघालेत, तुम्ही या. तो कसा आला ते त्याला आठवत नव्हतं. जिन्यात चप्पल राहिली.

ती उशांना टेकून होती. ओठ निळे पडलेले, श्वास वरच्यावर. केसांत आणि कोपरांना वर्षानुवर्षांची धूळ, दोऱ्यांचा कचरा. उजव्या मुठीत कपडे बेतायच्या कागदाची एक पुडी होती. तिने ती त्याच्यापुढे केली. हात थरथरत होता, ज्या हाताने कधी टाचणी चुकवली नव्हती तो.

"यंत्राच्या खाली कधी झाडू पोचत नाही," ती म्हणाली. एकेका शब्दाला धाप लागत होती. "उडालं ते तिथेच गेलं असणार. यात आहे का बघा."

त्याने पुडी उघडली. चिमूटभर कण होते. तिने दुपारमागून दुपार, जमिनीवर गुडघे टेकून, बोटाच्या टोकाने वेचलेले. त्याने खिशातलं भिंग काढलं. काय म्हणायचं ते त्याने पुडी घेतानाच ठरवलं होतं. आहे, म्हणायचं. एवढा एक शब्द. तिला दुसरं काहीच नको होतं.

पण भिंग डोळ्याला लागलं आणि डोळा आपल्या सवयीने चालू लागला. पहिला कण दोऱ्याचा तुकडा. दुसरा मुंगीचं डोकं. त्याने खिशाला टोचलेली टाचणी घेतली आणि एकेक कण बाजूला सारत गेला, कागदाच्या कडेला, ओळीने, जसं आयुष्यभर केलं तसं. बटणाचा टवका. गंजाची खपली. एक कण तपकिरी होता, टोकाशी निमुळता. त्याने तो उलटा केला, उजेडाकडे धरला, पुन्हा उलटा केला. कसलंसं बी होतं. आणखी थोडे राहिले होते, तेही त्याने नीट पाहिले. त्यांत नव्हतं.

मग त्याने भिंग खाली घेतलं आणि तोंड भरून म्हणाला, "आहे गं. सापडलं."

मावशींनी मागून येऊन त्याच्या हातातली पुडी हळूच काढून घेतली.

"तुम्ही त्या भिंगातून बघत होतात ना," त्या म्हणाल्या, "तेव्हाच गेल्या त्या."